उसने दात

कुंभिवली,
१० नोव्हेंबर २०२४

आत्ये,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलं-बिलं नाही. फोन लावला की तू "कोन? कोन?" करतेस, मग जगदीश तो स्पीकरवर टाकतो आणि माझं बोलणं तुझ्याआधी तुझ्या शेजारणीला कळतं. आज जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. तुझा हा लेक आठवड्यातून दोनदा टेंपोने आमच्या कंपनीत खोकी उतरवायला येतो, त्याच्या हाती पत्र देतेय. उत्तरही त्याच्याच हाती दे. तुझं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे हे मला माहीत आहे, आणि तुला तर फारच माहीत आहे.

तर गोष्ट अशी. मागच्या आठवड्यात आमच्या पॅकिंगच्या कंपनीत दातांची तपासणी झाली. दातांच्या कॉलेजातल्या एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी माझ्या तोंडात बॅटरी मारली, हिरडीत एक बारीक सळई घालून बघितली आणि विचारलं, "तुमच्या घरात कुणाचे दात तरुणपणीच पडलेत का?" मला हसूच आलं. म्हटलं, "बाई, कुणाचे राहिलेत ते विचारा." आबाजी आजोबा, माझे बाबा, तू. गावात आपल्या घराला बोळक्यांचं घर म्हणतात हेही सांगून टाकलं. आणि तुझं ते नेहमीचं वाक्य: आपल्याला सटवाई दात उसने देते, तिशीला परत मागते.

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, हा हिरड्यांचा आजार आहे, काही घरांत तो आईबापांकडून मुलांकडे येतो. हिरडीखाली जंतू घर करतात आणि दाताला धरून ठेवणारं हाड हळूहळू झिजतं. दात किडत नाही, चांगला धडधाकट दात मुळातून सुटतो. आठवतं ना, बाबांचे पडलेले दात कसे स्वच्छ होते? मग त्यांनी विचारलं, "मुलंबाळं?" माझं हसू तिथंच विरलं.

समीक्षाला नेऊन दाखवलं. आठ वर्षांची पोर आत्ये, आणि तिच्या हिरड्यांतून आत्ताच रक्त येतंय. मला वाटायचं ब्रश जोरात घासते म्हणून येतं.

त्या कॉलेजात अशाच घरांतल्या मुलांवर एका टूथपेस्टचा अभ्यास चाललाय. जंतू मारायचं औषध घातलेली पेस्ट. ट्यूबा दिसायला सारख्याच, वर फक्त नंबर. काहींत औषध, काहींत नुसती साधी पेस्ट. कोणती कोणाकडे गेली हे तपासणाऱ्या डॉक्टरांनाही माहीत नसतं. मी समीक्षाचं नाव दिलं. तुझ्या नातवाचं, रुद्रचंही देऊ या. पण त्यासाठी जगदीशला आपलं तोंड उघडून दाखवावं लागेल. तो म्हणेल, मला काय झालंय? तू कान धर.

समीक्षाचे दात टिकले पाहिजेत आत्ये. आपल्या घरातलं हे माझ्यापाशी थांबलं पाहिजे. एक विचारायचं होतं, लहानपणी तुझ्याही हिरड्यांतून रक्त यायचं का?

माझं ठीक आहे.

तुझी भाची,
नम्रता


कळंब,
१७ नोव्हेंबर

नमे,

पत्र पोचलं. जगदीशनं वर चहा सांडलाय, पन वाचता आलं.

त्याचा कान धरला. "मला काय नाय" असंच म्हनला. मी म्हनलं, काय नाय तर मटनातलं हाड बाजूला का काडून ठेवतोस रं? पयलं तर माझ्या ताटातलं बी वडायचास.  गुरुवारी टेंपो तिकडं वळवला, बाईंनी सळई घातली, आनि बाहेर आला तवा त्याचं थोबाड बघन्यासारकं व्हतं. त्याच्याबी हिरड्या आपल्याच वळनाच्या. रुद्रचं नाव लागलं, ट्यूब मिळाली. पोरगं ती उशाला घिऊन झोपतं.

सटवाईचं मी मनानं नाय सांगत. मला आईनं सांगितलं, तिला तिच्या सासूनं. तुझ्या बाई शिकलेल्या हायत, त्यांचं त्यांच्यापाशी.

रक्ताचं इचारलंस. गप ऱ्हानार व्हते, पन आता तूच आई हायस. वरच्या आळीला तुझ्या बापाच्या घरामागं पेरूचं झाड हाय नं, लाल पेरूचं? तुला वाटलं आसंल आबांना लाल पेरू आवडायचा. नाय गं. आदी तितं पांढऱ्या पेरूचं झाड व्हतं, लई गोड. मी समीक्षाएवढी आसंन. पोरापोरींत बसून पेरू खात व्हते. चावलेला पेरू पांढराफेक, आनि त्याच्यावर माझं रक्त. पोरं वरडली, "अंबीनं पेरूला कुक्कू लावलं!" आबांनी ऐकलं. दुसऱ्या दिशी झाड तोडलं, पुडल्या पावसाळ्यात लाल पेरू लावला. लाल पेरूवर रक्त दिसत नाय. तवापास्नं आपल्या घरात पांढरा पेरू आनला नाय कुनी. लाल पेरूबी आई फोडी करून, मीठ लावून द्यायची, चावू द्यायची नाय. सोयरिकी जुळवायच्या पोरी आमी, आमचं रक्त कुनाला दिसाया नको.

म्हंजे व्हय, यायचं.

आनि "माझं ठीक आहे" आसं खाली बारीक अक्षरात लिवलंस ते मी वाचलं. जगदीश म्हनतो, तू कँटीनला भाकर चहात बुडवून खातेस. मला फसवतेस व्हय? चहात भाकर बुडवायला आपल्या घरात सुरवात मी केली.

बोळकी आत्या,
अंबा


कुंभिवली,
२४ नोव्हेंबर

आत्ये,

तुझं पत्र कँटीनमध्येच वाचलं आणि घास हातात तसाच राहिला. चहात बुडवलेलाच घास, हो.

मी इतकी वर्षं समजत होते की मला लाल पेरू आवडतो! बाजारात पांढऱ्या पेरूंचा ढीग असतो आणि माझा हात आपोआप लालकडे जातो. समीक्षाला फोडी करून, मीठ लावून देते आणि वर सांगते, असाच छान लागतो गं. मला कुणी समोर बसवून हे शिकवलं नाही. बघून बघून शिकले आणि तिलाही शिकवत होते. त्या झाडाचा असा राग आला आत्ये, आणि मग आबाजी आजोबांचं वाईट वाटलं. बिचाऱ्याने लेकीची लाज झाकायला गोड झाड तोडलं. झाकण्यापलीकडे दुसरं काय करणार होता तो?

आता तू पकडलंसच तर सांगते. माझे खालचे पुढचे दोन दात हलतात. आजचं नाही. लग्नात विडा तोडायचा खेळ झाला, माझ्या दातांतला विडा यांनी दातांनी ओढला, सगळे टाळ्या वाजवत होते आणि माझ्या हिरडीत कळ गेली. तेव्हापासून मनात आहे. सासरी कुणाला बोलले नाही, यांनाही परवाच सांगितलं. हे म्हणाले, "अगं वेडे, मला वाटायचं तुला कणीसच आवडत नाही!"

आता उपचार सुरू झालाय. भूल देऊन हिरडीखालून खरवडून साफ करतात. दोन दात मागच्या बाजूने बारीक तारेने बांधलेत. बाई म्हणाल्या, हे वाचतील. मीही तुला तेच सांगते, वाचतील. मी परत देणार नाही, सटवाईला म्हणावं काय करायचं ते कर.

नाताळच्या सुट्टीत समीक्षाला तुझ्याकडे पाठवते. ब्रश सकाळी आणि रात्री. कसं घासायचं ते तिला शिकवलंय, तू नवीन काही शिकवू नकोस. ट्यूब नंबर बघून ज्याची त्याला. आणि तिच्यासमोर मिश्री लावत बसू नकोस, ती नकला करते.

नम्रता


कळंब,
१ जानेवारी २०२५

नमे,

नव्या वर्साची खुशखबर घे. तुझ्या डॉक्टरीनबाईंना जे म्हाईत नाय ते मी काडलं!

समीक्षा आली त्याच दिशी दोगं पोरं वसरीवर दात घासत बसलेली. रुद्र म्हनला, "माझ्या ट्यूबेत औशद हाय, तुझ्यात नाय." ती म्हनली, "तुझ्यात नाय." तोंडात फेस आनि हातात झिंज्या. सोडवता सोडवता मला वाटलं, हे तर लई सोपं हाय की. औशद जंतू मारतं, हे तूच लिवलंस. मग विरजन म्हंजे काय? जंतूच नं? रुद्रच्या पुस्तकात लिवलंय, मी वाचलंय. ज्या पेस्टनं विरजन मरंल ती खरी, ज्या पेस्टीत दही लागंल ती खोटी.

दोन वाट्या घेतल्या. एकाच टोपातलं कोमट दूध, सारकं विरजन. एका वाटीत समीक्षाची हरबऱ्याएवडी पेस्ट, दुसरीत रुद्रची. रिसॉर्टवाले माझ्या दह्यासाटी दारात उभं ऱ्हातात, तवा दह्यातलं मला कुनी शिकवायचं नाय. सकाळी बघते तर समीक्षाच्या वाटीत दही आसं लागलेलं, वाटी उपडी केली तरी हलंना. आनि रुद्रच्या वाटीत दूध! निव्वळ दूध!

म्हंजे आपल्या पोरीच्या हाती खोटी दिलेली. जिच्या हिरड्यांतनं रक्त येतं तिलाच खोटी! माझं टाळकं सरकलं. माझा नातू आनि दादाची नात मला दोन डोळ्यांसारकी. मी काय केलं, समीक्षाच्या ट्यूबेचं बूड पकडीनं उलगडलं, आतली पेस्ट काडली आनि तिनं देवाची समई घासली. समई लई चकचकीत निगाली, खोटं कशाला बोलू. मग रुद्रची आर्दी पेस्ट तिच्या ट्यूबेत भरली, बूड दुमडून पकडीनं दाबलं. वर नंबर तसाच. ब्रम्हदेवाच्या बापाला कळायचं नाय.

तवापास्नं दोगंबी खरीनंच घासतात. समीक्षा उद्या जगदीशसंगं येते. त्या बाईंना काय बोलू नकोस, उगी त्यांना कमीपना वाटंल. आनि माझे आभार मानत बसू नकोस. आत्या कशाला हाय मी?

अंबा


कुंभिवली,
३ जानेवारी

आत्ये,

काय करून बसलीस गं हे!

ऐक आता. प्रत्येक मुलाला दोन्ही पेस्ट मिळणार होत्या. आधी दोन महिने एक, मग थोडे दिवस खंड, मग दोन महिने दुसरी. आधी कोणती आणि नंतर कोणती, एवढंच गुपित. समीक्षाला औषधाची मिळणारच होती. रुद्रलाही मिळणार होती. हे मी तुला लिहिलं नाही ही माझी चूक. आत्याला एवढा तपशील कशाला, असं वाटलं. पण "ज्याची त्याला" हे तर लिहिलं होतं ना? नंबर बघून, असंही लिहिलं होतं!

बाई मुलांच्या दातांवरचा थर तपासतात, कोणत्या पेस्टने जंतू किती कमी झाले ते बघतात. तुझ्या समईपायी आता आपल्या दोन्ही पोरांच्या तोंडातलं काहीच भरवशाचं राहिलं नाही. जगदीश म्हणतो, "गप बस ताई, नंबर तर तोच आहे, कुणाला कळतंय?" मी म्हटलं, आणि उद्या या चुकीच्या मापावर भलतीच पेस्ट चांगली ठरली तर? जगात आपलं एकच घर बोळक्यांचं आहे का? दुसऱ्या कुठल्या आईने ती विश्वासाने आणायची आणि पोरीला लावायची. त्यावर तो टेंपो काढून निघून गेला.

सोमवारी मी बाईंना सगळं सांगणार आहे. पोरांना काढून टाकतील. पेस्ट गेली, तपासणी गेली. समीक्षासाठी एवढं एक दार उघडलं होतं आत्ये, ते तू पकडीने दाबून बंद केलंस. जास्त लिहीत नाही, हातून वावगं लिहिलं जाईल.

नम्रता


कळंब,
५ जानेवारी

नमे,

पत्र वाचून जेवले नाय. मग भूक लागली, जेवले.

मी पोरांचं वाईट करीन व्हय गं? आर्दी गोष्ट सांगायची, उरलेली म्हातारीनं आपल्या अकलेनं पुरी केली की बोंब मारायची. ही कुटली रीत?

दह्यावर मातर माझा भरवसा व्हता. म्हनून काल पुन्यांदा दोन वाट्या लावल्या. या टायमाला पेस्टच घातली नाय. सादं दूध, सादं विरजन. एक चुलीच्या कडंला, दुसरी खिडकीत, तवा ठेवलेल्या तश्याच. चुलीकडची लागली. खिडकीतली दूध. आता बोल! रुद्रच्या वाटीतलं विरजन पेस्टनं मेलंच नव्हतं, थंडीनं गारठलं व्हतं. आक्खी हयात दही लावन्यात गेली, थंडीत भांडं गोधडीत गुंडाळून ठेवते, आनि नेमकी त्याच दिशी इसरले. का? तर म्हातारी शास्त्र करत व्हती!

तवा खरी कंची नि खोटी कंची, देवाला ठाव. खरी समईला लागली आसंल तर समई जन्मात किडायची नाय.

उद्या तू एकटी जायचं नाय. मी जगदीशच्या टेंपोतनं येते. चूक माझी हाय, बोलनी मी खानार. पोरांना काडायचं आसंल तर बाईंनी ते माझ्या तोंडावर सांगावं. मला ऐकू येत नाय ही त्यांची अडचन.

अंबा


कुंभिवली,
१२ जानेवारी

आत्ये,

सोमवारी तू बाईंसमोर जे बोललीस ते अख्ख्या कॉलेजाने ऐकलं, खाली गेटवरच्या वडापाववाल्यानेही ऐकलं असेल. "माझी लेकरं काडू नका, मला काय ती शिक्षा करा!" पण बाई जे बोलल्या ते तू ऐकलंच नाहीस. त्यांच्या तोंडाला मास्क आणि तू आपली हूं हूं करत मान हलवतेस. मग मला रडताना बघितलंस आणि दंडाला धरून बाहेर ओढलंस, "चल गं, नको आपल्याला त्यांची पेस्ट." टेंपोतही काही ऐकून घेतलं नाहीस. म्हणून आता सावकाश बसून वाच.

पोरांना काढलं, पण फक्त पेस्टच्या अभ्यासातून. तपासणी चालूच राहणार. दर तीन महिन्यांनी दोघांना न्यायचंय, हिरड्या त्याच साफ करणार. समीक्षाचा एक्स-रे मला दाखवला. हाड शाबूत आहे आत्ये, कुठेही झिजलेलं नाही! नुसत्या हिरड्या सुजल्यात. आपण वेळेत पोचलो. बाई म्हणाल्या, पेस्ट मदतीला येते, पण जंतूंचा थर निघतो तो रोज दोनदा नीट फिरवलेल्या ब्रशने, आणि तो निघतो की नाही ते घरातल्या कुणीतरी डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. औषधाची पेस्ट किती उपयोगाची ते सगळ्या मुलांचं काम संपल्यावर ठरेल. चांगली ठरली तर आपल्याला नक्की कळवणार आहेत. तुमच्याकडून खरं कळलं हे फार बरं झालं, असंही म्हणाल्या. दह्याचं ऐकताना त्या मास्कच्या आत हसत होत्या, डोळ्यांवरून कळत होतं.

मी रडले ते पोरांसाठी नाही. निघताना तू "माझंबी बघा की" म्हणून आ वासलास ना, तेव्हा त्यांनी तुझ्या हिरड्यांवरून बोट फिरवलं आणि हळूच मला म्हणाल्या, "यांचे दात वाचवता आले असते. तेव्हा कुणी बघायला हवं होतं."

मला एकदम आई आठवली. ती सांगायची, अंबावन्संनी हळदीचं गाणं धरलं की चारी आळ्यांतून बायका गोळा व्हायच्या. मी तुला गाताना कधीच ऐकलं नाही. लहानपणी एकदा विचारलं होतं, तर म्हणालीस, "दात गेले नं, आता शब्दांतनं वारा जातो." तू हसत म्हणालीस म्हणून मीही हसले होते. सोमवारी ते हसणं आठवून रडू आलं, बास.

तुझे दात सटवाईने मागून नेले नाहीत आत्ये. ते तुझेच होते आणि आजाराने गेले. हे तुला कुणीतरी सांगायला हवं म्हणून लिहिलं.

कवळीचं माप द्यायला त्यांनी तुला बोलावलंय. आणि मिश्री बंद करायला सांगितलंय, दोनदा सांगितलंय. तू ऐकलं नसशील म्हणून मोठ्या अक्षरात लिहिते. मिश्री बंद.

नम्रता


कळंब,
१६ मार्च

नमे,

दोन म्हयनं पत्र धाडलं नाय, ते काय रागानं नव्हं. तुझं पत्र वाचायची, घडी करून ठेवायची, पुन्यांदा काडायची. "वाचवता आले असते." हे येवडं एकच वाक्य मला गिळवंना.

मी एकोनतीसची व्हते गं. दात पडला की हातात घिऊन देवापुडं ठेवायची, म्हनायची, घे बाय तुझं तुला. कुनाचं काय परत केलं मी? माझंच व्हतं ते. लई रडले. सूनबाईला वाटलं कांदा कापते.

मग उठले. मिश्रीचा डबा गोठ्यामागं पुरला. आठवडाभर डोकं फुटायची पाळी आली, गुरावासरांवरबी खेकसले, आता बरं हाय. मापबी दिऊन आले.

तुझ्या बाई म्हनाल्या डोळ्यांत तेल घाला, तर मी घागरभर घातलंय. रुद्रला सकाळ-रात वसरीवर उभा करते, आतनं, बाहेरनं, हिरडीच्या कडंकडंनं. बॅटरी लावून बघते. मग जगदीशला उभा करते. "आई, मी बाप्या मानूस हाय," म्हनतो. मी म्हनलं, टेंपोचं टायर रोज बघतोस नं रं? मग हिरडी कोन बघनार, तुझा किलीनर? खरवडायचं काम झाल्यापास्नं त्याची हिरडी आवळली. परवा मटनातलं हाड चघळत बसला व्हता, मी नुसती बघत ऱ्हायले.

आता शिमग्याचं सांगते. समीक्षा आली म्हनून काल कर्जतच्या बाजारात गेले. पेरूवाला शुक्रा मला वळखतो. लांबूनच म्हनला, "मावशे, लाल सपलं गं, परवा ये." मी म्हनलं, पांढरं दे. तो बघतच ऱ्हायला. मी म्हनलं, बघतोस काय, पांढरं दे, मोठं दे, कडक दे.  साठी वलांडली, आनि घरात पांढरा पेरू पयल्यांदा आनत व्हते.

दोगांना वसरीवर बसवलं नि आक्खा आक्खा पेरू हातात दिला. सूनबाई सवयीनं विळी घिऊन आली. मी म्हनलं, ठेव ती विळी आत.

रुद्रनं चावला. बारीक गुलाबी रेघ आली, खोटं नाय सांगत. होळीच्या गडबडीत दोन दिस चुकवलेलं सोंगानं, लगीच दिसलं. त्याला आता मी बघते.

मग समीक्षानं चावला. कचकन आवाज आला. तिनं दुसरा घास घ्यायच्या आदी मी पेरू हिसकावला. ती वरडली, "आत्याआजी, माझा हाय तो!" मी आंगनात उनात नेला. फिरवून फिरवून बघितला. वरचे दात, खालचे दात, ढेकळात नांगराचे तास उमटावे तसे सगळे उमटलेले. चष्मा पदराला पुसला, पुन्यांदा बघितला. पांढरा गं. चावल्या जागी कडंपातूर पांढरा.

मी तितंच बसले. पोरगी घाबरली, म्हनली, "आजी, पेरू गोड नाय का?" तिला काय सांगू? हळदीचं एक गानं म्हटलं तिला. शब्दांतनं वारा गेला, जाऊ दे. तिला सगळे शब्द कळले.

कवळी पुडल्या आठवड्यात मिळंल. बाई म्हनाल्या, सुरवातीला कडक काय चावू नका. मी हूं हूं केलं.

तो पेरू डब्यात घालून जगदीशसंगं धाडते. समीक्षाला दुसरा दिला, तो तिनं केवाच सपवला. तुझ्यापातूर येईस्तवर चावल्या जागी काळा पडंल. पडू दे. लाल नाय, तेवडं बघ.

आत्या